पत्रावरची पैवस्ती आणि फाइलवरची नोंद

१/ पटवर्धन सरदारांचे मूळ गाव रत्नागिरीजवळचे कोतवडे. पुढे मिरज, सांगली, जमखंडी येथे त्यांची संस्थाने झाली. त्यांच्या दप्तरातील मोडी पत्रे ‘ऐतिहासिक लेखसंग्रह’ या मालेत छापणारे वासुदेवशास्त्री खरे (१८५८–१९२४) हेही त्याच जिल्ह्यातील गुहागरचे.

२/ खऱ्यांपुढील मोठी अडचण होती काळाची. घरगुती पत्रांत तिथी किंवा ‘छ’ या चिन्हापुढे हिजरी महिन्याची तारीख असे. वर्ष मात्र पुष्कळदा नसे. लिहिणाऱ्याला आणि वाचणाऱ्याला ते ठाऊकच होते!

३/ पण शंभर वर्षांनंतरच्या वाचकाचे काय? १७६४ ते १७७२ या काळात माधवराव पेशव्यांनी हैदरअलीवर अनेक मोहिमा काढल्या. ‘हैदर चालून येत आहे’ एवढेच सांगणारे पत्र यांपैकी कोणत्या मोहिमेचे? वर्ष चुकले की घटनांचा क्रमच उलटतो.

४/ अशा वेळी पत्राबाहेरचे शेरे कामी येतात. पत्र पोहोचले की कारकून त्यावर ‘पै॥’, म्हणजे पैवस्ती, लिहून पावल्याची तारीख टाकी. लेखनाची आणि पैवस्तीची तारीख मिळाली, की बातमीला वाटेत किती दिवस लागले तेही कळते.

५/ हिजरी वर्ष सौर वर्षाहून सुमारे ११ दिवसांनी लहान. त्यामुळे एखादा हिजरी महिना ठरावीक मराठी महिन्यात सलग दोन-तीन वर्षेच येतो. मग तो योग सुमारे ३३ वर्षांनी. पत्रात हिजरी तारखेसोबत दसऱ्याचा उल्लेख असला, तरी वर्षाचा शोध दोन-तीन पर्यायांवर येतो.

६/ दुसरी माहिती रुमालात असे. दप्तराचे कागद कापडी रुमालात बांधलेले. कोणता कागद कोणत्या कागदांशेजारी होता, हीदेखील साक्षच. रुमाल सुटला, कागद विखुरले, की ती साक्ष नाहीशी होते. कागदावरची पैवस्ती मात्र कागदाबरोबर जाते.

७/ संगणकापुढे हाच प्रश्न आला. डॉसच्या फॅट पद्धतीत नाव, आकार, बदलाची तारीख आणि मोजक्या खुणा एवढीच नोंद होती. १९८४ च्या मॅकिंटॉशने फाइलचा प्रकार आणि ती निर्माण करणारा प्रोग्रॅम यांचीही नोंद ठेवली. पुढे लिनक्स, विंडोज यांतही जादा नोंदी जोडण्याची सोय झाली.

८/ पण या नोंदी बहुधा रुमालासारख्या असतात. ती सोय नसलेल्या पेनड्राइव्हवर फाइल गेली की त्या मागे राहतात. छायाचित्राची तारीख आणि स्थळ चित्राच्या फाइलमध्येच असते, म्हणजे पैवस्तीसारखे. तरी अनेक मेसेजिंग ॲप तेही पुसून टाकतात.

९/ म्हणून जादा नोंद हा निरर्थक भार नव्हे. आज सर्वांना ठाऊक असलेली गोष्टच उद्या कोणाला ठाऊक नसते. कोतवड्याच्या घराण्याची पत्रे आज इतिहास म्हणून वाचता येतात, ती मजकुराइतकीच त्या अनाम कारकुनांच्या दोन अक्षरांमुळे.