यादीतला खेळाडू

ऑस्ट्रेलियन फुटबॉलच्या बातम्यांत एखादा खेळाडू 'कॉन्ट्रॅक्टेड' आहे असं आलं, की त्याची पुढची काही वर्षं नक्की झाली असं समजायचं. आपल्याकडे 'कंत्राटी' म्हटलं की नेमका उलटा अर्थ मनात येतो: कंत्राटी शिक्षक, कंत्राटी सफाई कामगार, ज्याची नोकरी उद्या असेलच असं नाही तो माणूस. शब्दांचं मूळ मात्र एकच. लॅटिन 'कॉन्ट्राहेरे' म्हणजे एकत्र ओढणं, जवळ आणणं. मराठीत हा शब्द ठेकेदारीच्या कामांत रुळला आणि ठेक्यावर राबणाऱ्याचं अस्थैर्य त्याला चिकटलं. म्हणून क्रीडापानावर 'करारबद्ध' लिहितात तेच मला योग्य वाटतं. 'करार' अरबीतून फारसीमार्गे आलेला. त्याच्या मुळाशी स्थिरता आहे, विसावा आहे. गझलेतला 'बेकरार' त्याच घरातला.

मेलबर्नमधला क्लब मात्र करारापेक्षा 'लिस्ट'बद्दल जास्त बोलतो. क्लबात 'लिस्ट मॅनेजर' हे स्वतंत्र पद असतं. मैदानावर अठरा जण उतरतात, पण मुख्य यादीत जास्तीत जास्त ३८ नावं असतात आणि त्यांच्याखाली रूकींची, म्हणजे नवख्यांची, वेगळी यादी. कुणाला किती वर्षांचा करार द्यायचा, कुणाची जागा रिकामी करायची, हे सगळं पगाराच्या ठरलेल्या कमाल मर्यादेत बसवायचं, हे त्याचं काम. अमेरिकेत अशा यादीला 'रोस्टर' म्हणतात. डच भाषेत 'रोस्टर' म्हणजे मांस भाजायची जाळी. आखलेला कागद जाळीसारखा दिसला म्हणून नावांच्या तक्त्याला ते नाव पडलं. आपल्या सरकारी कचेऱ्यांत बिंदुनामावलीला 'रोस्टर' म्हणतात तेही तिथूनच. ऑस्ट्रेलियन मंडळींनी 'लिस्ट' धरून ठेवला. जुन्या इंग्रजीत आणि फ्रेंचमध्ये त्याचा अर्थ कापडाची किनार, पट्टी असा. पुढे कागदाची अरुंद पट्टी आणि तिच्यावर लिहिलेली नावं. घोडेस्वारांच्या द्वंद्वाचं मैदान कुंपणानं आखलेलं असे, त्यालाही 'लिस्ट्स' म्हणत. थोडक्यात, आत कोण आणि बाहेर कोण हे ठरवणारी कड. आपली 'यादी' फारसी 'याद'वरून आली. आठवणीत ठेवायचं ते यादीत. सप्टेंबर संपला की तिकडे 'डीलिस्ट' झालेल्यांची, म्हणजे यादीतून काढलेल्यांची, नावं जाहीर होऊ लागतात, तेव्हा मला मराठी शब्दच जास्त बोचतो.

या यादीवर खेळाडूचा हक्क किती, याचा इतिहास तिथल्या शब्दांतच साठलेला आहे. जुना शब्द 'क्लिअरन्स'. क्लब बदलायचा तर आधीच्या क्लबानं मोकळं करावं लागे. शाळा सोडल्याचा दाखला अडवून धरला की पोराचा प्रवेश अडतो, तसंच. पैशावरही कुलूप होतं. १९३० च्या 'कोल्टर लॉ'नं एका सामन्याला जास्तीत जास्त तीन पौंड ठरवले. साउथ मेलबर्न क्लबानं त्यातून वाट काढली. अध्यक्ष आर्ची क्रॉफ्ट्स यांची किराणा दुकानांची साखळी होती. पश्चिम ऑस्ट्रेलिया, टास्मानियासारख्या राज्यांतून आलेल्या खेळाडूंना तिथे नोकऱ्या मिळाल्या. लोक त्या संघाला 'फॉरिन लीजन' म्हणू लागले आणि १९३३ ची स्पर्धा त्यांनी जिंकली.

हाच क्लब १९८२ मध्ये सिडनीला गेला. सिल्व्हिओ फॉस्किनी या तरुण खेळाडूला मेलबर्नमध्येच राहून सेंट किल्डाकडून खेळायचं होतं, क्लब सोडेना. प्रकरण व्हिक्टोरियाच्या सर्वोच्च न्यायालयात गेलं. १९८३ मध्ये न्यायमूर्ती क्रॉकेट यांनी या बदलीच्या नियमांना 'रिस्ट्रेंट ऑफ ट्रेड', म्हणजे व्यवसाय करण्यावर अन्याय्य बंधन, ठरवलं. यातला 'ट्रेड' जर्मनिक भाषांतून आला. मूळ अर्थ पायवाट, मळलेली वाट. पुढे माणसाचा नेहमीचा धंदा. आज त्याच खेळात 'ट्रेड' म्हणजे क्लबांनी खेळाडूंची आणि ड्राफ्टमधल्या, म्हणजे नव्या खेळाडूंच्या वार्षिक निवडीतल्या, क्रमांकांची केलेली अदलाबदल. एकाच शब्दात खेळाडूची उपजीविकाही आहे आणि त्याची देवघेवही. करारात असलेल्या खेळाडूला त्याच्या संमतीशिवाय दुसऱ्या क्लबाला देता येत नाही, हा नियम मला या सगळ्या व्यवस्थेतला सर्वांत मोलाचा वाटतो. 'एकत्र ओढणं' खऱ्या अर्थानं दोन्ही बाजूंचं होतं ते तिथे.

जुने नियम कोसळल्यावर १९८६ मध्ये पहिला राष्ट्रीय 'ड्राफ्ट' झाला. पद्धत अमेरिकेतली, तिकडे ती १९३६ पासून चालू होती: जो संघ तळाला त्याची निवड आधी. पण हा शब्द ऑस्ट्रेलियाला परका नव्हता. मेंढ्यांच्या वाड्यात कळप वेगळे करण्याला तिथे 'ड्राफ्टिंग'च म्हणतात. एका मेंढीपुरती अरुंद फळ्यांची गल्ली, तिच्या टोकाला झुलतं फाटक. माणूस फाटकाशी उभा राहून नजर समोरच्या मेंढीवर ठेवतो आणि क्षणात डावीकडे की उजवीकडे ते ठरवतो. मागून दुसरी आलेलीच असते. मूळ क्रियापद 'ड्रॉ', ओढणं, घोळक्यातून बाहेर काढणं. ड्राफ्टच्या रात्री अठरा वर्षांची पोरं आपलं नाव कुठल्या क्लबाच्या तोंडून येतं याची वाट पाहतात. ओढणारा एकच, ओढला जाणारा एकच.

ज्यांचं नाव त्या रात्री येत नाही त्यांच्यासाठी 'रूकी' यादी. हा शब्द बहुधा 'रिक्रूट'चा सैनिकी अपभ्रंश. मुंबईत जन्मलेल्या किपलिंगच्या १८९२ च्या सैनिकी कवितांत तो भेटतो. 'रिक्रूट'च्या मुळाशी फ्रेंच 'पुन्हा उगवणं' आहे. रूकी यादीतून आलेला डीन कॉक्स वेस्ट कोस्ट क्लबाकडून २९० सामने खेळला, म्हणून क्लब ही खालची यादी इतक्या बारकाईनं भरतात.

आणि मग २०१२ मध्ये 'फ्री एजन्सी' आली, म्हणजे करार संपल्यावर खेळाडूनं स्वतः दुसरा क्लब निवडायचा हक्क. इंग्रजी 'फ्री' आणि संस्कृत 'प्रिय' एकाच मुळाचे. घरातले जिवलग आणि घरातले गुलाम यांत जो फरक, त्यातून 'फ्री'ला स्वतंत्र हा अर्थ आला असं भाषाशास्त्रज्ञ मानतात. 'एजंट'मागचं लॅटिन 'आगेरे' म्हणजे आधी गुरं हाकणं, मग काहीही करणं. संस्कृत 'अज्' धातूचाही तोच अर्थ. मेंढवाड्याच्या फाटकातून आत घेतलेला पोरगा शेवटी हाकणारा होतो, निदान शब्दांत. लान्स फ्रँकलिन २०१३ मध्ये हॉथॉर्न क्लबाला विजेतेपद मिळवून दिल्यावर याच वाटेनं सिडनीला गेला: नऊ वर्षांचा करार, सुमारे एक कोटी डॉलर. पण हा हक्क एकाच क्लबात निदान आठ वर्षं काढल्यावर मिळतो, आणि बहुतेकांची कारकीर्द तितकी टिकत नाही. त्यांच्यासाठी नियमावलीत आणखी एक प्रकार आहे, 'डीलिस्टेड फ्री एजंट': यादीतून काढलेला, म्हणून कुठेही जायला मोकळा. 'प्रिय'च्या घरातला शब्द नको झालेल्या माणसाला लावलेला मला पटत नाही. त्याला नुसतं 'मोकळा केलेला' म्हटलं असतं तर ते खरं झालं असतं.