परभणी, जिनिव्हा आणि सरकारची उत्तरे

पोलिसांच्या संदर्भात 'यातना' हा शब्द आपल्या वस्त्यांत कोणी वापरत नाही. तिथे 'मार' हा शब्द आहे. आत घेतला, मार दिला, सोडून दिला, एवढ्यात सगळे प्रकरण संपते. पाऊस पडतो तसा मार पडतो. त्याची तक्रार कोणाकडे करायची? माझे वडील शेतमजूर होते. विहिरीवरची मोटार चोरीला गेली म्हणून संशयावरून त्यांना दोन रात्री ठाण्यात बसवून ठेवले होते. मोटार पुढे दुसऱ्याच गावात सापडली. वडील घरी आले, आईने हळद-तेल लावले आणि तिसऱ्या दिवशी ते कामाला गेले. त्या दोन रात्रींची नोंद कोणत्याही वहीत नाही. मी महाविद्यालयात इतिहास शिकवतो. इतिहास कागदावरून लिहिला जातो असे मी विद्यार्थ्यांना सांगतो. मग ज्यांच्या पाठीवरच्या वळांचा कागद कधी झालाच नाही, त्यांचा इतिहास कशावरून लिहायचा? प्रस्तुत लेखाचा विषय हाच आहे.

जगाने या 'मारा'ला नाव दिले त्याला आता चार दशके झाली. १० डिसेंबर १९८४ रोजी संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेने यातनाविरोधी करार संमत केला आणि २६ जून १९८७ पासून तो अमलात आला. त्याच्या पहिल्याच कलमातील व्याख्या आपण प्रत्येकाने मुळातून वाचावी. कबुली काढण्यासाठी, शिक्षा म्हणून, धाक घालण्यासाठी, किंवा कोणत्याही भेदभावावर आधारलेल्या कारणासाठी, सरकारी अधिकाऱ्याने स्वतः दिलेली किंवा त्याच्या संमतीने, मूक संमतीने दिलेली तीव्र शारीरिक अथवा मानसिक वेदना म्हणजे यातना. 'भेदभाव' आणि 'मूक संमती' हे त्यातले दोन शब्द आपल्याला सर्वांत जवळचे आहेत. गावगाड्यात आणि ठाण्यात जे चालते त्याचे वर्णन या दोन शब्दांत पुरेपूर येते.

भारताचे या बाबतीतले वर्तन मोठे बोधप्रद आहे. आणीबाणी नुकतीच उठलेली असताना, १९७७ साली, सदस्य राष्ट्रांनी यातनेविरुद्ध एकतर्फी जाहीरनामे काढावेत असा ठराव आमसभेत भारताच्याच पुढाकाराने झाला. १४ ऑक्टोबर १९९७ रोजी भारताने करारावर सही केली. परंतु सही म्हणजे तत्त्व मान्य, आणि अनुसमर्थन म्हणजे बंधन मान्य. ते अनुसमर्थन भारताने केलेले नाही. त्यामुळे जिनिव्हा येथील यातनाविरोधी समितीपुढे भारताला अहवाल द्यावा लागत नाही, की कोणा भारतीयाला तिच्याकडे दाद मागता येत नाही.

मग सरकार उत्तर काय देते? या उत्तरांचाही एक इतिहास आहे, आणि तो इंग्रजांपासून सुरू होतो. सारावसुलीसाठी रयतेला यातना दिल्या जातात अशी ओरड ब्रिटिश पार्लमेंटात झाली, तेव्हा मद्रास इलाख्यात चौकशी आयोग नेमला गेला. १८५५ च्या त्याच्या अहवालाने यातना सर्रास चालतात हे मान्य केले. पण दोष टाकला तो खालच्या एतद्देशीय नोकरांवर. गोरा साहेब सुटला. पुढे १८६० च्या दंडसंहितेत कबुलीसाठी इजा करणे हा गुन्हा ठरला आणि १८७२ च्या पुरावा कायद्याने पोलिसांपुढची कबुली अग्राह्य ठरवली. म्हणजे पोलीस कबुली कशी काढतात हे राज्यकर्त्यांना दीडशे वर्षांपासून ठाऊक आहे. कायदाच त्याची साक्ष देतो. दोन्ही तरतुदी नव्या संहितांतही कायम आहेत.

स्वातंत्र्यानंतर उत्तराची भाषा बदलली. १९९२ च्या मार्चमध्ये ॲम्नेस्टी इंटरनॅशनलने भारतातील कोठडीमृत्यूंवर अहवाल काढला आणि १९८५ पासूनचे ४१५ मृत्यू त्यात मांडले. अशा टीकेचा दबाव वाढत गेला आणि १९९३ साली राष्ट्रीय मानवी हक्क आयोग स्थापन झाला. आयोगाने त्याच वर्षी १४ डिसेंबरला प्रत्येक कोठडीमृत्यू २४ तासांत कळवण्याचा आदेश काढला. बाहेरच्या निगराणीने काहीच होत नाही असे म्हणणाऱ्यांनी ही गोष्ट लक्षात ठेवावी. पण पुढचेही पाहावे. २०१० साली यातना प्रतिबंधक विधेयक लोकसभेत संमत झाले. त्यातली व्याख्या कराराहून तोकडी होती, तक्रारीला सहा महिन्यांची मुदत होती आणि खटल्याला सरकारची पूर्वपरवानगी होती. राज्यसभेच्या प्रवर समितीने ते सुधारले. पण २०१४ साली लोकसभेबरोबर ते विरून गेले. २०१७ साली विधी आयोगाने आपल्या २७३ व्या अहवालात नवा मसुदा दिला, तो तसाच राहिला. संसदेला अमुक कायदा कर असे आम्ही सांगू शकत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने २०१९ साली म्हटले. यातनाविषयक विशेष प्रतिवेदक १९९३ पासून भेटीची परवानगी मागत आले. ती भेट झालेली नाही. मानवी हक्क परिषदेत २००८, २०१२, २०१७ आणि २०२२ अशी चार वेळा भारताची झडती झाली, आणि दर वेळी अनेक देशांनी अनुसमर्थनाची शिफारस केली. 'आमचे कायदे पुरेसे आहेत' आणि 'प्रक्रिया चालू आहे' या दोन वाक्यांत आपल्या उत्तराचे सार येते. कायदे पुरेसे असतील तर प्रक्रिया कशाची चालू आहे, असे तिथे कोणी विचारत नाही.

आता यातला वर्गभेद पाहा. पुरुलिया शस्त्रप्रकरणातील डॅनिश आरोपीला भारतात पाठवण्यास डेन्मार्कच्या न्यायालयाने २०११ साली नकार दिला. कारण काय, तर भारतात त्याला यातना होण्याचा धोका आहे. फेब्रुवारी २०२५ मध्ये लंडनच्या उच्च न्यायालयाने शस्त्रव्यवहारातील सल्लागार संजय भंडारी यांना असेच सोडले; तिहार तुरुंगात त्यांना मारहाण व खंडणीचा धोका आहे हे त्यांचे म्हणणे तिथे मान्य झाले. कोणत्याही माणसाला यातना होऊ नयेत, त्यांनाही नकोत. त्याबद्दल वाद नाही. पण भारतीय कोठडीत मारतात ही गोष्ट लंडनमध्ये सिद्ध होते आणि परभणीत होत नाही, याला काय म्हणावे?

परभणी म्हणजे आमचा शेजार. नांदेड, लातूर, परभणी, हिंगोली हे चार जिल्हे एकाच विद्यापीठाखाली येतात. १० डिसेंबर २०२४ रोजी, म्हणजे यातनाविरोधी कराराला चाळीस वर्षे पूर्ण झाली त्याच दिवशी, परभणीच्या रेल्वे स्टेशनसमोर बाबासाहेबांच्या पुतळ्याजवळील संविधानाच्या प्रतिकृतीची विटंबना झाली. दुसऱ्या दिवशी बंद, दगडफेक, आणि मग आंबेडकरी वस्त्यांत पोलिसांची धरपकड. त्यात सोमनाथ सूर्यवंशी हा कायद्याचा विद्यार्थी पकडला गेला. तो वडार समाजातला. ज्यांच्या कपाळी इंग्रजांनी जन्मतः गुन्हेगार असा शिक्का मारला आणि स्वतंत्र भारताने १९५२ साली तो पुसला, त्या विमुक्तांच्या यादीत हा समाज आहे. १५ डिसेंबरला न्यायालयीन कोठडीत असताना सोमनाथ मरण पावला.

सरकारचे उत्तर विधानसभेत आले. दंडाधिकाऱ्यांपुढे त्याने मारहाणीची तक्रार केली नव्हती, त्याला श्वसनाचा आजार होता, चित्रीकरणात मारहाण दिसत नाही, असे मुख्यमंत्री देवेंद्र फडणवीस यांनी सांगितले; दहा लाखांची मदत आणि न्यायालयीन चौकशी जाहीर केली. ज्यांच्या ताब्यात पुन्हा जायचे आहे तेच पोलीस मागे उभे असताना आरोपीने तक्रार केली नाही, हा पुरावा कशाचा? आणि हे उत्तर टिकले नाही. ते जिनिव्हाने पाडले नाही. एका कागदाने पाडले. छत्रपती संभाजीनगरच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयातील शवविच्छेदनाने अनेक जखमांमुळे बसलेला धक्का हे मृत्यूचे कारण नोंदवले होते. सोमनाथच्या आईने दहा लाख नाकारले. दंडाधिकाऱ्यांच्या चौकशीने पोलिसांवर ठपका ठेवला. ॲड. प्रकाश आंबेडकर यांनी उच्च न्यायालयात बाजू मांडली. ४ जुलै २०२५ रोजी औरंगाबाद खंडपीठाने गुन्हा नोंदवण्याचा आदेश दिला. राज्य सरकार त्याविरुद्ध सर्वोच्च न्यायालयात गेले, आणि ३० जुलैला तिथेही हरले. गुन्हा नुसता नोंदवून घ्यायला साडेसात महिने आणि देशातले सर्वोच्च न्यायालय लागले, हेही विसरता कामा नये.

आपल्याकडे साक्षी नव्हत्या असे नाही. लातूर तालुक्यातील धनेगावच्या लक्ष्मण गायकवाडांचे 'उचल्या' १९८७ साली आले. पोलिसांनी घरादारावर केलेल्या अत्याचाराची ती साक्ष आहे. तिला साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळाला; पण कोणत्या ठाण्याने ती पुरावा म्हणून वाचली? साहित्य म्हणून ज्याचा गौरव होतो, ते फिर्याद म्हणून कोणी घेत नाही. याउलट, १९७२ साली देसाईगंजच्या पोलीस ठाण्यात मथुरा या आदिवासी मुलीवर बलात्कार झाला आणि १९७८ साली सर्वोच्च न्यायालयाने पोलिसांना निर्दोष सोडले, तेव्हा कायद्याच्या चार प्राध्यापकांनी १९७९ च्या सप्टेंबरात सरन्यायाधीशांना खुले पत्र लिहिले. त्यातून देशभर चळवळ उठली. १९८३ साली कायदा बदलला. कोठडीतील बलात्कारात संमतीचा प्रश्न आल्यास ती नव्हती असे न्यायालयाने गृहीत धरावे, असे ठरले. ते चौघे शिक्षक होते, एवढेच मी माझ्या व्यवसायबंधूंना सांगतो.

बाबासाहेबांना दोन्ही दारे ठाऊक होती. अमेरिकेतील निग्रोंनी संयुक्त राष्ट्रांकडे अर्ज केल्याचे वाचून त्यांनी १९४६ साली डब्ल्यू. ई. बी. दु बॉईस यांना पत्र लिहून त्या अर्जाच्या प्रती मागितल्या. अस्पृश्यही तसाच विचार करीत आहेत असे कळवले. दु बॉईस यांचे उत्तर ३१ जुलैचे आहे. पण त्याचबरोबर ते घटना समितीत शिरले, आणि १५ सप्टेंबर १९४९ रोजी त्यांनी स्वतः मसुद्यात १५-अ हे कलम मांडले. आज ते कलम २२ आहे. अटकेचे कारण सांगा, वकील भेटू द्या, २४ तासांत दंडाधिकाऱ्यापुढे उभे करा. जगाच्या वेशीवर गाऱ्हाणे मांडायचे, पण हातात इथला हक्कही ठेवायचा, अशी ती दुहेरी रीत होती. परभणीत काचेच्या पेटीत होते ते हेच पुस्तक.

तेव्हा जिनिव्हाला नावे ठेवू नयेत आणि तिच्या भरवशावरही राहू नये. बाहेरचा निरीक्षक इथल्या कागदावर विसंबून असतो; कागदच नसेल तर सरकारचे उत्तर हाच एकमेव कागद उरतो. डी. के. बसू खटल्यात १९९६ साली सर्वोच्च न्यायालयाने घालून दिलेले नियम प्रत्येक महाविद्यालयाच्या फलकावर लागले पाहिजेत. अटकेच्या टिपणावर तारीख, वेळ आणि साक्षीदाराची सही हवी. नातेवाइकाला कळवले पाहिजे. आरोपीने मागितल्यास अंगावरच्या लहानमोठ्या जखमा लिहून त्याची प्रत त्याला दिली पाहिजे. दर ४८ तासांनी वैद्यकीय तपासणी झाली पाहिजे. आपल्या विद्यार्थ्यांनी हे पाठ करावे, वस्तीत वाचून दाखवावे, आणि माणूस आत घेतला गेला की त्याच रात्री ठाण्याच्या दारात उभे राहून मागावे. मिळाले नाही तर मिळाले नाही असे तारीख-वेळ घालून लिहावे, दोघांच्या सह्या घ्याव्यात आणि दुसऱ्या दिवशी न्यायालयात द्यावे. 'मार' या शब्दाची फिर्याद होण्याची सुरुवात तिथून होईल.