माळावरचे धाकटे रहिवासी

नगर जिल्ह्याचा इतिहास म्हटला की चांदबिबी आठवते, भुईकोट किल्ला आठवतो, मोगलांच्या छावण्या आठवतात. पण ह्याच मुलखाच्या इतिहासात एक पान खोकडाचे आहे, एक चंडोलाचे आहे आणि एक भीमेतल्या माशांचेही आहे. ते फारसे कुणी उलगडीत नाही. आज तेवढेच उलगडू या.

पेशवाई बुडाली 1818 साली. नवा मुलूख हाती आला म्हणजे सरकारला प्रथम हिशेब हवा असतो. जमीन किती, विहिरी किती, माणसे किती? दख्खनचा असा हिशेब करण्यासाठी मुंबई सरकारने 1824 साली विल्यम हेन्री साइक्स ह्या लष्करी अधिकाऱ्याला नेमले. पुणे, नगर, खानदेश, धारवाड असा त्याचा फिरण्याचा मुलूख. हे काम करता करता साहेबाने हिशेबात न मागितलेल्या गोष्टीही टिपल्या. पाऊस किती पडला, खडक कोणता, आणि माळावर कोणती जनावरे नि पाखरे दिसतात, हेही त्याने लिहून ठेवले. 1831 व 1832 साली त्याच्या याद्या लंडनच्या प्राणिशास्त्र संस्थेच्या कामकाजात छापल्या गेल्या.

आता गंमत ऐका. आपले खोकड, म्हणजे कोल्ह्याहून लहान, झुबकेदार शेपटीचे, उंदीर नि टोळ खाऊन राहणारे जनावर. काही ठिकाणी त्याला कोकरी म्हणतात. साइक्सने तेच नाव उचलले आणि शास्त्रीय नाव ठेवले ‘कॅनिस कोकरी’! मराठी शब्द लॅटिनच्या पंगतीत जाऊन बसला. पण तो तिथे टिकला नाही, बरं का. शास्त्राचा नियम असा की आधी ठेवलेले नाव खरे. बंगालवरून ह्याच जनावराचे नाव 1800 सालीच पडलेले होते, म्हणून आज जगात ते ‘बेंगालेन्सिस’. आपला लांडगा मात्र साइक्सने 1831 साली दिलेले ‘पॅलिपीस’ हे नाव अजून मिरवतो आहे. माळावरचा छोटा तुरेवाला चंडोल तर इंग्रजीत साइक्सच्याच नावाने ओळखला जातो.

माशांचे नशीब खोकडापेक्षा बरे निघाले. भीमा आणि तिच्या खोऱ्यातल्या नद्यांचे मासे त्याने पाहिले आणि 1839 साली त्यांची नावे जाहीर केली. खुद्री, कोलुस, फुलंगी, ताकरी. कानाला जशी लागली तशी त्याने ती लिहिली, त्यामुळे थोडी वाकडीतिकडी झाली. पण ती आजही जगभर चालतात. दख्खनचा महासीर शास्त्रात ‘टॉर खुद्री’च आहे. ही नावे ज्यांच्या तोंडी होती ते भोई, कोळी, पारधी, धनगर. त्यांच्यापैकी एकाचेही नाव कुठल्या माशाला लागले नाही. मला ही गोष्ट थोडी खटकते.

एक किडाही त्याच्या नजरेतून सुटला नाही. बोरीवर, ऐनावर टसर रेशमाचा कोश सापडतो. त्याचे नाव त्याने ‘कोलिसुरा’ असे टिपले. त्यातून रेशीम निघते हे इथल्या लोकांना ठाऊक नव्हते. पण तो कोश चिवट असतो, हे त्यांना चांगले माहीत होते. ते गोल गोल कापून त्याची लांब वादी काढीत आणि तिने तोड्याच्या बंदुकीची नळी दस्त्याला आवळीत. चामड्यापेक्षा ती पक्की!

साइक्सने पाहिलेला उघडा माळ पुढे बदलत गेला. प्रवरेवरचे भंडारदऱ्याचे धरण 1926 साली पुरे झाले, पाट आले, 1950 नंतर सहकारी साखर कारखाने उभे राहिले. दुष्काळाने पिचलेल्या माणसांना ते पाणी म्हणजे जीवन होते. त्याला नावे ठेवणारा मी कोण? परंतु जो माळ उरला त्याला कागदावर ‘पडीक’ म्हणण्याची सवय मात्र जुनीच राहिली. पडीक म्हणून त्यावर झाडे लावली, पडीक म्हणून नांगर घातला. खोकडाला, चंडोलाला, लाव्याला तर उघडे गवतच लागते. दाट झाडीत त्यांचे काय काम?

सरकारने 1979 साली सोलापूर व नगर मिळून 8,496 चौरस किलोमीटरचे माळढोक अभयारण्य जाहीर केले. पुढे ते बरेच आटवावे लागले, आणि माळढोक महाराष्ट्रातूनच जवळजवळ दिसेनासा झाला. कर्जत तालुक्यातले रेहेकुरी 1980 चे. क्षेत्र अवघे 2.17 चौरस किलोमीटर, पण काळवीट तिथे आहे. आणि काळविटासाठी राखलेल्या गवतात धाकट्या जिवांनाही आसरा मिळतो. अकोल्याकडचा डोंगर, हरिश्चंद्रगड-कळसूबाईचे अभयारण्य, शेकरूचे घर, हा निराळाच विषय आहे. तो एका भाषणात मावायचा नाही.

शिक्षकबंधूंसाठी एक ताजी गोष्ट सांगतो. दख्खनच्या माळावरच्या गळ्याला पंखा असलेल्या काही सरड्यांचा 2016 साली नव्याने अभ्यास झाला आणि त्यांच्यासाठी एक नवीन प्रजाती ठरली. तिचे शास्त्रीय नाव आहे ‘सरडा’. आपलाच शब्द, तसाच्या तसा. पावसापूर्वीच्या उन्हाळ्यात ह्यातला नर एखाद्या दगडावर चढून बसतो आणि गळ्याखालचा निळा, काळा, नारिंगी पंखा उघडझाप करतो. मादीला बोलावण्यासाठी, आणि दुसऱ्या नराला दटावण्यासाठी. सकाळचे ऊन तापायला लागले की माळावर जरा थांबावे. आधी दगड दिसतो, मग त्यावरचा रंग.