हिमालयाची ओली बाजू

महाविद्यालयात वनस्पतिशास्त्र शिकलेल्या कुणालाही कांद्याच्या मुळांचा प्रयोग आठवत असेल. पाण्याने भरलेल्या बाटलीच्या तोंडावर कांदा बसवायचा, दोन-तीन दिवसांनी फुटलेल्या मुळांची टोके कापायची, रंग चढवून काचपट्टीवर अंगठ्याने दाबायची आणि सूक्ष्मदर्शकाखाली डोळे ताणून बघत राहायचे. नशीब बरे असेल, तर तांबड्या दोऱ्यांच्या तुकड्यांसारखी गुणसूत्रे दिसतात. कांद्याची असतात १६. मला कधी १४ सापडायची, कधी १७. आमचे सर म्हणायचे, ‘कांद्याला मोजता येतं, तुलाच येत नाही.’

पुढे कळले की याच मोजणीच्या आधारे एका भारतीय विदुषीने थेट हिमालयाला प्रश्न विचारला होता. त्यांचे नाव जानकी अम्माळ.

जानकी अम्माळ यांचा जन्म ४ नोव्हेंबर १८९७ रोजी केरळातील तेल्लिचेरीचा. मद्रासला शिक्षण झाल्यावर शिष्यवृत्ती मिळवून त्या अमेरिकेतील मिशिगन विद्यापीठात गेल्या आणि १९३१ मध्ये त्यांना तिथली डॉक्टरेट मिळाली. परतल्यावर काही वर्षे त्यांनी कोइमतूरच्या ऊस पैदास केंद्रात काम केले. आपल्याकडच्या जुन्या बागायतदारांना ‘को ७४०’ हे उसाचे नाव पाठ असेल. त्यातला ‘को’ कोइमतूरचा. ही जात काही जानकी अम्माळांची नव्हे; पण गोड उसाचा रानटी उसाशी संकर करून काटक जाती काढण्याची जी वाट त्या केंद्राने पाडली, तिच्यावर उसाच्या गुणसूत्रांचा अभ्यास करणाऱ्यांत त्या होत्या.

१९४० मध्ये त्या लंडनजवळच्या जॉन इनेस संस्थेत रुजू झाल्या. महायुद्धाचे दिवस, आकाशातून बॉम्ब पडत होते. अशा काळात सी. डी. डार्लिंग्टन यांच्यासह त्यांनी लागवडीखालील वनस्पतींच्या गुणसूत्रांचा कोश तयार केला. तो १९४५ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यानंतर त्या विझ्लीच्या रॉयल हॉर्टिकल्चरल सोसायटीच्या बागेत आल्या. हिमालयाशी त्यांची गाठ पडली ती या इंग्रजी बागेत!

यात नवल नाही. जोसेफ हूकर १८४८ ते १८५० या काळात सिक्कीममध्ये फिरले आणि तिथल्या ऱ्होडोडेंड्रॉनचे बी विलायतेला गेले. त्यांच्यामागून अनेक संग्राहक गेले. हिमालयाच्या उतारांवरची झाडे इंग्लंडच्या बागांत शेजारी शेजारी वाढू लागली. उत्तराखंडात गेलेल्यांनी बुरांशचे लाल सरबत प्यायले असेल. तो बुरांश म्हणजे ऱ्होडोडेंड्रॉनच. जानकी अम्माळांनी सहकाऱ्यांसह या कुळाची गुणसूत्रे मोजली. बुरांशसारख्या वृक्षवजा जातींत ती २६ भरतात. पण पानांच्या पाठीवर बारीक खवले असलेल्या गटातल्या कित्येक जातींत ती ५२, ७८ किंवा त्याहूनही अधिक आढळतात. त्यांत उंच डोंगरावरची खुरटी झुडपेही आहेत. तेराच्याच पाढ्यातले हे आकडे आहेत. म्हणजे गुणसूत्रांचे संचच्या संच वाढलेले आहेत. याला बहुगुणितता म्हणतात.

संच असे वाढतात कसे? आपल्या ओळखीचे खेचर घ्या. घोडी आणि गाढव यांचे हे अपत्य धडधाकट असते, पण वांझ. कारण प्रजननाच्या वेळी गुणसूत्रांना जोडीदार लागतो आणि दोन निराळ्या जातींची गुणसूत्रे नीट जोड्या लावत नाहीत. झाडांच्या संकराचेही बऱ्याचदा असेच होते. मात्र झाडांत कधी कधी पेशीविभाजन चुकते आणि सगळी गुणसूत्रे दुप्पट होतात. मग प्रत्येकाला आपला जोडीदार मिळतो, वांझ संकर फळू लागतो आणि काही पिढ्यांतच नवी जात उभी राहते. कडाक्याच्या थंडीत पेशीविभाजनाच्या अशा चुका वाढतात, हे प्रयोगांत दिसले आहे.

जानकी अम्माळांच्या डोळ्यांसमोर हिमालयाच्या दोन बाजू होत्या. वायव्येकडचा हिमालय थंड आणि कोरडा. ईशान्येकडचा थंड, पण बंगालच्या उपसागरावरून येणाऱ्या पावसाने चिंब. थंडी दोन्हीकडे सारखी, तरी जातींची रेलचेल ओल्या बाजूला. हे का? त्यांचे उत्तर असे होते की, ओल्या बाजूला चीनकडची आणि मलायाकडची वनस्पतिसृष्टी स्थानिक झाडांना येऊन भेटते, त्यांचे संकर होतात, आणि बहुगुणिततेमुळे त्या संकरांतून नव्या जाती घडतात.

१९५१ मध्ये पंतप्रधान नेहरूंनी त्यांना भारतीय वनस्पती सर्वेक्षण संस्थेची फेररचना करण्यासाठी मायदेशी बोलावले. आता हिमालय जवळ आला. पण जवळून दिसले ते निराळेच. एका पत्रात त्यांनी लिहून ठेवले आहे की, आसामच्या त्या भागातले मॅग्नोलिया ग्रिफिथीचे एकुलते एक झाड पाहायला त्या शिलाँगपासून ३७ मैल गेल्या, आणि पाहतात तर ते जाळून टाकलेले! अन्नधान्य वाढवण्यासाठी जंगले तोडली जात होती, तो हा काळ. १९५५ मध्ये अमेरिकेत प्रिन्स्टनला माणसाने पृथ्वीचे रूप कसे पालटले यावर मोठी परिषद भरली, तिथे बोलणाऱ्या त्या एकमेव स्त्री होत्या. उतारवयात केरळच्या सायलेंट व्हॅलीतले जंगल वाचवण्यासाठीही त्यांनी आवाज उठवला. १९७७ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली आणि फेब्रुवारी १९८४ मध्ये त्यांचे निधन झाले.

त्यांच्या उत्तराचे पुढे काय झाले? गुणसूत्रे मोजण्याच्या पलीकडे जाऊन आता त्यांतला मजकूर अक्षर न् अक्षर वाचता येतो. २००५ मध्ये हिमालयाच्या पूर्वेकडील हेंगदुआन पर्वतरांगेतल्या साडेपाचशे वनस्पतींच्या गुणसूत्रांचा आढावा घेतला गेला. त्यात नजीकच्या काळात बहुगुणित झालेल्या जाती सुमारे २२ टक्केच निघाल्या. म्हणजे तिथल्या बहुतेक नव्या जाती संच न वाढताच घडल्या असाव्यात. या मुद्द्यावर त्यांचे उत्तर अपुरे पडले, हे मान्य करायला हवे.

पण गोष्ट इथे संपत नाही. ऱ्होडोडेंड्रॉनचे संपूर्ण जनुकसंच २०१७ पासून प्रसिद्ध होऊ लागले. त्यांत दिसले की, ज्यांची गुणसूत्रे आज साधी २६ भरतात, त्यांच्या पूर्वजांतही कोट्यवधी वर्षांपूर्वी संच दुप्पट झाल्याच्या खुणा आहेत. सूक्ष्मदर्शकाला जुने दुप्पट होणे दिसत नव्हते एवढेच. जगभरच्या वनस्पतींची २०१९ मध्ये पाहणी झाली, तेव्हा विषुववृत्तापासून दूर, थंड प्रदेशांत बहुगुणित जातींचे प्रमाण वाढत जाते हेही दिसले. आणि २०२० मध्ये हिमालय, तिबेट व हेंगदुआनच्या उंचावरील वनस्पतींची वंशावळ जनुकांवरून मांडली गेली. हेंगदुआनमधली ही सृष्टी सुमारे ३ कोटी वर्षांपूर्वी आकार घेऊ लागली होती, आणि नव्या जाती घडण्याचा वेग वाढला त्याला दोन कारणे निघाली : पर्वतांचे उंचावणे आणि मोसमी पावसाचा वाढता जोर. पाऊस! ओल्या बाजूकडे जानकी अम्माळांनी बोट दाखवले होते, ते उगीच नव्हे.

मित्रहो, मला यात मोठे वाटते ते हे, की त्यांचे उत्तर अर्धे टिकले, पण प्रश्न पुरता टिकला. तो तपासायला मात्र झाडे जागेवर हवीत. हूकर यांच्या नोंदी हाती घेऊन संशोधक २००७ ते २०१० या काळात सिक्कीममध्ये पुन्हा फिरले. केवळ त्याच भागात आढळणाऱ्या १२४ जाती त्यांनी तपासल्या. त्यांपैकी ८७ टक्के जातींनी हवामान तापल्यामुळे आपली जागा बदलली होती, त्या डोंगराच्या वरच्या अंगाला सरकल्या होत्या. वर सरकायलाही डोंगर कुठेतरी संपतोच.

शिलाँगच्या वाटेवरच्या त्या मॅग्नोलियाची गुणसूत्रे आता कुणालाच मोजता येणार नाहीत. तेव्हा पुढच्या सहलीत बुरांशचे सरबत प्याल, तेव्हा घटकाभर त्या झाडाखाली उभे राहा. २६ गुणसूत्रांत कोट्यवधी वर्षांचा इतिहास सांभाळत ते अजून उभे आहे.

(नभोवाणीवरील भाषणाचे संपादित रूप)