ऑनलाइन वित्त-पदव्युत्तर प्रवेश : संज्ञा, भेद आणि क्रम

'वित्तविषयक ऑनलाइन पदव्युत्तर पदवी' या शब्दसमूहातील प्रत्येक पदाची व्याप्ती निश्चित केल्याशिवाय त्या पदवीच्या प्रवेशाचे नियम समजत नाहीत. म्हणून प्रथम संज्ञांचा विचार करू.

'पदवी' म्हणजे विद्यापीठ अनुदान आयोग अधिनियम, १९५६ च्या कलम २२ नुसार पदवी देण्याचा अधिकार असलेल्या संस्थेने दिलेली, आणि आयोगाने विनिर्दिष्ट केलेल्या नामांपैकी एक नाम धारण करणारी अर्हता. या व्याख्येने 'एक्झिक्युटिव्ह प्रोग्रॅम', 'पोस्ट ग्रॅज्युएट सर्टिफिकेट' इत्यादी नावांचे अभ्यासक्रम विवेचनाबाहेर राहतात. त्यांचे शुल्क पदवीहून अधिक असले तरी त्यांना पदवीत्व येत नाही.

'वित्तविषयक' या विशेषणाखाली तीन भिन्न पदव्या येतात. (१) एमबीए, ज्यात वित्त ही व्यवस्थापनाची एक शाखा असते आणि बहुधा दुसऱ्या वर्षी निवडली जाते. (२) एमकॉम, ज्यात वित्ताकडे जाण्याचा मार्ग लेखांकनातून जातो. (३) वित्तातील एमएस्सी, ज्याचा पाया गणित आणि संख्याशास्त्र हा आहे. तिन्हींच्या जाहिरातींत 'फायनान्स' हाच शब्द ठळक असतो. तथापि प्रवेशाच्या अटी भिन्न असण्याचे कारण या तीन पायांच्या भिन्नतेत आहे.

'ऑनलाइन' आणि 'दूरस्थ' हे पर्यायशब्द नव्हेत. दूरस्थ शिक्षणात स्वयं-अध्ययन साहित्य आणि अभ्यासकेंद्र हे प्रमुख साधन. ऑनलाइन शिक्षणात दृक्-श्राव्य पाठ, ई-मजकूर, चर्चामंच आणि स्वयंमूल्यमापन या चार अंगांनी इंटरनेटवरून अध्यापन होते. या भेदाचा एक विधिविषयक परिणाम आहे. दूरस्थ अभ्यासक्रमाला विद्यापीठाच्या प्रादेशिक अधिकारक्षेत्राची मर्यादा असते, ऑनलाइन अभ्यासक्रमाला ती नसते. सोलापूरचा विद्यार्थी परराज्यातील राज्य विद्यापीठाच्या ऑनलाइन वर्गात घरी बसून नाव नोंदवू शकतो. पण त्या विद्यापीठाला दूरस्थ शिक्षणाचे अभ्यासकेंद्र सोलापुरात उघडता येत नाही.

आता 'प्रवेश'. प्रवेश हा संस्था आणि विद्यार्थी यांनी परस्परांविषयी घेतलेला निर्णय होय. त्यात चार प्रश्न अंतर्भूत आहेत : (१) संस्थेला हा अभ्यासक्रम चालवण्याचा अधिकार आहे काय, (२) विद्यार्थ्याची औपचारिक पात्रता आहे काय, (३) विषय पेलण्याची त्याची सिद्धता आहे काय, (४) अर्ज करणारा, शिकणारा आणि परीक्षा देणारा एकच आहे काय. पारंपरिक महाविद्यालयात पहिला प्रश्न क्वचित विचारला जातो, कारण संस्था वर्षानुवर्षे डोळ्यांसमोर असते. चौथ्याचे उत्तर वर्गातील हजेरीतून आपोआप मिळते. ऑनलाइन पद्धतीत इमारतही नाही आणि हजेरीही नाही. म्हणून हे दोन प्रश्न अग्रभागी येतात, आणि तिसरा मागे पडतो. हे मागे पडणे कसे घडते, ते पुढे पाहू.

संस्थेच्या अधिकाराचा आधार आयोगाचे २०२० चे मुक्त व दूरस्थ आणि ऑनलाइन कार्यक्रमांविषयीचे विनियम हा आहे. नॅकच्या (राष्ट्रीय मूल्यांकन व प्रत्यायन परिषदेच्या) चार गुणांच्या श्रेणीत किमान ३.०१ गुण असणे, किंवा राष्ट्रीय क्रमवारीत विद्यापीठ गटातील पहिल्या शंभरांत विहित वेळा स्थान मिळवणे, ही संस्थेची सामान्य पात्रता होय. ३.२६ किंवा अधिक गुण असलेल्या विद्यापीठांना पूर्वपरवानगीच्या बाबतीत अधिक मोकळीक आहे. परंतु संस्था मान्य असली म्हणजे तिचा प्रत्येक ऑनलाइन अभ्यासक्रम मान्य असतो, असे अनुमान करता येत नाही. येथे संस्थेची मान्यता, त्या विशिष्ट अभ्यासक्रमाची मान्यता आणि त्या विशिष्ट सत्राची मान्यता असे तीन स्तर मानावे लागतात. प्रवेशाची सत्रे दोन, जुलै-ऑगस्ट आणि जानेवारी-फेब्रुवारी. याखेरीज फ्रँचायझी पद्धतीला विनियमांत मनाई आहे. मध्यस्थ कंपनी तंत्रसाहाय्य देऊ शकते. प्रवेश देण्याचे कार्य विद्यापीठाचेच राहते. फोनवरील समुपदेशकाने 'तुमची सीट कन्फर्म झाली' असे म्हटल्याने प्रवेश सिद्ध होत नाही.

औपचारिक पात्रतेचा भाग तुलनेने सरळ आहे. किमान तीन वर्षांची पदवी ही सर्वसाधारण अट. एमबीएसाठी पदवीला ५० टक्के, आरक्षित प्रवर्गासाठी ४५ टक्के, असा दंडक रूढ आहे. एमकॉमसाठी वाणिज्य पदवी किंवा विद्यापीठाने समकक्ष मानलेली पदवी लागते. परदेशी पदवी असल्यास समतुल्यता प्रमाणपत्र जोडावे लागते. अंतिम वर्षाचा निकाल न लागलेल्यास काही विद्यापीठे तात्पुरता प्रवेश देतात. मात्र ज्याची केटी शिल्लक आहे त्याने हा प्रवेश सशर्त आहे हे ध्यानात घ्यावे. विहित तारखेपर्यंत पदवी पूर्ण न झाल्यास प्रवेशाचा आधारच नष्ट होतो आणि दिलेल्या सत्रपरीक्षा निरर्थक ठरतात. एप्रिल २०२२ च्या मार्गदर्शक तत्त्वांनुसार एका प्रत्यक्ष पदवीसोबत दुसरी ऑनलाइन पदवी घेता येते, म्हणून अन्यत्र शिकत असणे हे आता अपात्रतेचे कारण नव्हे.

पात्रता आणि सिद्धता यांतील अंतर हा या विषयाचा गाभा आहे. वर्गखोलीत आसने मोजकी असतात. मोजक्या आसनांमुळे निवड आवश्यक होते. निवडीसाठी परीक्षा लागते. महाराष्ट्रात एमबीएच्या नियमित प्रवेशासाठी सीईटी आहे ती याच कारणाने. ऑनलाइन वर्गात आसनांचे बंधन शिथिल होते, म्हणून बहुतांश अभ्यासक्रमांत प्रवेशपरीक्षा नसते. यावरून परीक्षा विषयाच्या गरजेतून नव्हे, जागेच्या टंचाईतून आली होती असे सिद्ध होते. टंचाई गेली, परीक्षा गेली. विषयाची गरज मात्र तशीच राहिली.

ती गरज त्रिविध आहे. (अ) पैशाच्या कालमूल्याचे ज्ञान. आठ टक्के चक्रवाढ दराने एक लाख रुपयांचे पाच वर्षांनी १,४६,९३३ रुपये होतात. उलट, पाच वर्षांनी मिळणाऱ्या एक लाखाचे आजचे मूल्य ६८,०५८ रुपये आहे. दोन्ही उत्तरे काढता येणे पुरेसे नाही. दोन्हींत एकच संबंध आहे हे दिसले पाहिजे. (आ) संभाव्यता आणि विचलन. प्रत्येकी २० टक्के प्रमाण विचलन असलेले, परस्परांशी सहसंबंध नसलेले दोन शेअर समप्रमाणात घेतल्यास एकत्रित विचलन २० टक्के राहत नाही, सुमारे १४.१ टक्के होते. हॅरी मार्कोविट्झ यांनी १९५२ साली मांडलेल्या पोर्टफोलिओ सिद्धांताचे हे सर्वांत साधे रूप. हे न कळणाऱ्यास जोखमीवरील पुढील प्रकरणे केवळ पाठ करावी लागतात. (इ) लेखांकन, विशेषतः नफा आणि रोख प्रवाह यांतील भेद.

या त्रयीवर अर्जदारांचे वर्ग पाडले तर उणिवा स्पष्ट होतात. अभियांत्रिकी पदवीधराकडे (अ) आणि (आ) असतात, (इ) नसते. कला शाखेच्या पदवीधराकडे अर्थशास्त्र असल्यास थोडे (आ) असते. वाणिज्य पदवीधराकडे (इ) निश्चित असते. परंतु महाराष्ट्रात अकरावीलाच 'मॅथ्स की एसपी' हा प्रश्न पुढे येतो, आणि ज्याने सेक्रेटेरिअल प्रॅक्टिस घेतले त्याचा गणिताशी संबंध तेथे तुटतो. पदवीच्या पहिल्या वर्षी संख्याशास्त्राचा एखादा पेपर येतो. तो उत्तीर्ण होणे आणि तो विषय हाताशी असणे यांत मोठे अंतर आहे. एमबीएसाठी तिन्ही अर्जदारांची पात्रता समान, सिद्धता असमान. प्रवेशप्रपत्रात ही असमानता कोठेही नोंदली जात नाही. प्रथम सत्रापूर्वी निदान-चाचणी आणि तिच्या अनुषंगाने सेतू-अभ्यासक्रम ठेवणे हे संस्थेचे कर्तव्य मानले पाहिजे. विद्यार्थ्याला नाकारण्यासाठी नव्हे, सिद्ध करण्यासाठी ही चाचणी हवी. नोकरी सांभाळून रात्री शिकणाऱ्या माणसाला स्वतःची उणीव सत्रान्त परीक्षेच्या निकालातून प्रथम कळावी, हा त्याच्या श्रमांवर आणि शुल्कावर अन्याय आहे.

चौथा प्रश्न अभिज्ञानाचा. भारतीय विद्यार्थ्यास आधार किंवा अन्य शासकीय ओळखपत्र, परदेशस्थास पासपोर्ट लागतो. २०२४ पासून अकॅडमिक बँक ऑफ क्रेडिट्सचे खाते आणि त्यावर आधारित डीईबी-आयडी (आयोगाच्या दूरस्थ शिक्षण विभागाचा ओळखक्रमांक) ही प्रवेशाची पूर्वअट झाली आहे. क्रम महत्त्वाचा : आधी क्रेडिट खाते, मग आयडी, मग विद्यापीठाचा अर्ज. आधारवरील आणि गुणपत्रकावरील नावांत फरक असेल, विवाहानंतर नाव बदलले असेल, तर अडचण येथेच उद्भवते. म्हणून दुरुस्ती अर्जापूर्वी करावी. ओळखीची खरी कसोटी परीक्षेत लागते. मूल्यमापनात अंतर्गत गुणांचा वाटा कमाल ३० टक्के आणि सत्रान्त परीक्षेचा किमान ७० टक्के असतो, आणि ती परीक्षा पर्यवेक्षणाखालीच व्हावी लागते.

मान्य संस्थेची ऑनलाइन पदवी पारंपरिक पदवीशी समकक्ष असल्याचे २०२० च्या विनियमांत नमूद आहे. ही समकक्षता मान्यतेवर आणि मान्यता सत्रावर अवलंबून असल्याने, ज्या सत्रात प्रवेश घेतला त्या सत्राच्या मान्य अभ्यासक्रमांच्या यादीची प्रत, शुल्काची विद्यापीठाच्या नावाची पावती आणि डीईबी-आयडी ही तीन कागदपत्रे गुणपत्रकांबरोबर जपावीत. चार वर्षांनी नियुक्ती-अधिकाऱ्याने विचारल्यास यादीचे ते पान संकेतस्थळावर असेलच असे नाही.