हृदयातील अर्बुदे : निदान व उपचार यांमधील अंतराचा इतिहास

मूळ हृदयातच उद्भवणारी अर्बुदे अत्यंत दुर्मीळ आहेत. त्यांपैकी सुमारे तीन-चतुर्थांश सौम्य असतात. उर्वरित कर्करोगी, व त्यांत सार्कोमाचे प्रमाण सर्वाधिक. सौम्य आणि कर्करोगी यांतील हा भेद दुर्लक्षिला गेल्यामुळे या विषयाचा इतिहास पुष्कळदा एकसंध विजयगाथेसारखा मांडला जातो. वास्तविक ते दोन स्वतंत्र इतिहास आहेत.

हृदयातील अर्बुदाचे पहिले वर्णन इटालियन शरीररचनाशास्त्रज्ञ रेआल्दो कोलोंबो याने १५५९ मध्ये केले, असे सामान्यतः मानले जाते. त्यानंतर सुमारे पावणेचारशे वर्षे हे ज्ञान शवविच्छेदनापुरतेच मर्यादित राहिले. धाप लागणे, पायांवर सूज, अनियमित ठोके ही लक्षणे इतर हृदयविकारांतही आढळत असल्याने जिवंत रुग्णात अर्बुदाची शंका येणेच दुरापास्त होते. १९३४ मध्ये बार्न्स, बीव्हर व स्नेल या अमेरिकन डॉक्टरांनी ईसीजी आणि अन्यत्र पसरलेल्या गाठीची सूक्ष्मदर्शकीय तपासणी यांच्या आधारे हृदयाच्या सार्कोमाचे निदान रुग्णाच्या हयातीत केले. या घटनेतील विसंगती लक्षणीय आहे. रोग हृदयाबाहेर पसरला होता म्हणूनच तो ओळखता आला, आणि पसरला होता म्हणूनच तो असाध्य होता.

पुढील दोन दशकांत चित्र झपाट्याने पालटले, परंतु प्रामुख्याने मिक्झोमा या सौम्य अर्बुदापुरते. १९५२ मध्ये अँजिओकार्डिओग्राफीने डाव्या अलिंदातील मिक्झोमा हयातीत ओळखला गेला. १९५३ मध्ये गिबन यांनी हृदय-फुप्फुस यंत्राच्या साहाय्याने यशस्वी शस्त्रक्रिया केली आणि १९५४ मध्ये स्टॉकहोम येथे क्राफोर्ड यांनी अशाच यंत्राच्या आधारे मिक्झोमा यशस्वीपणे काढला. १९५९ मध्ये एफर्ट व डोमानिग यांनी ध्वनिलहरींच्या साहाय्याने अलिंदातील अर्बुद ओळखले. त्यामुळे रुग्णाच्या शरीरात नळी न घालता निदान शक्य झाले.

सार्कोमाला मात्र या प्रगतीचा लाभ अल्पच झाला. देठावर लोंबणारा मिक्झोमा मुळासकट काढता येतो. सार्कोमा हृदयाच्या भिंतीतच शिरतो. डाव्या अलिंदाची मागील बाजू तर शल्यविशारदाच्या सहज दृष्टीसही पडत नाही. यावर उपाय म्हणून ह्यूस्टन येथील मायकेल रिअर्डन यांनी १९९८ मध्ये हृदय शरीराबाहेर काढून, सार्कोमा छेदून, तेच हृदय पुन्हा बसविले. रोग संपूर्ण काढता आला तर आयुष्य वाढते. एरवी ते बहुधा महिन्यांतच मोजले जाते. दुसऱ्याचे हृदय बसविण्याचेही प्रयत्न झाले. तथापि ते टिकविण्यासाठी प्रतिकारशक्ती दडपणारी जी औषधे द्यावी लागतात, ती शरीरात उरलेल्या कर्करोगपेशींनाच अनुकूल ठरण्याची भीती असते.