कुलपाला तारीख कळत नाही

सतराव्या शतकातले मुस्लिम संतकवी शेख महंमद श्रीगोंदेकर. त्यांचा ‘योगसंग्राम’ लोकांनी हाताने उतरवून घेतला, म्हणून टिकला. त्यामुळे नक्कल म्हणजे चोरीच, असं मला म्हणवत नाही.

पण लिहिणाऱ्यालाही पोट आहे. म्हणून ई-पुस्तकांना नक्कल रोखणारं डिजिटल कुलूप लावतात. २०१२च्या दुरुस्तीने कॉपीराइट कायद्यात कलम ६५अ आलं: हक्क बुडवण्यासाठी हे कुलूप तोडल्यास दोन वर्षांपर्यंत कैद. मात्र कायद्याला मान्य कामासाठी तोडलं, तर गुन्हा नाही. अंधांना वाचता येईल अशी प्रत काढायची मुभाही त्याच दुरुस्तीने दिली.

शाहीर अमर शेख, मूळचे मेहबूब हुसेन पटेल, १९६९ साली गेले. मृत्यूनंतर ६० वर्षं धरली, तर त्यांच्या ‘कलश’वरचा हक्क २०२९अखेर संपेल. कुलूपबंद ई-प्रत मात्र २०३०मध्येही बंदच राहील.

आमच्या इन्सुलीच्या तपासणी नाक्यावर गोव्याची चोरटी दारू अडते, बाकी गाड्या पुढे जातात. कारण तिथे विचारणारा माणूस असतो. कुलपाला विचारता येत नाही. म्हणून मुदत संपताच ते काढण्याची जबाबदारी लावणाऱ्यावरच हवी. तरच त्यात वाचकाचंही भलं आहे.